तबकडीरावांच्या बायकोला दिसलेले दिवे

आकाशातून एक ना एक दिवस कुणीतरी येणार, यावर ज्याची आयुष्यभर श्रद्धा, त्याला कधी साधी ठिणगीसुद्धा दिसू नये. आणि जिने त्या श्रद्धेची रोज टर उडवली, तिच्यापुढे मात्र आभाळानं चांगले तीन-तीन दिवे टांगावेत! याला नशिबाची थट्टा म्हणायचं, दुसरं काय?

नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन मोठे आरसे, आणि भिंतीवर उडत्या तबकड्यांची कात्रणं. लोक त्याला तबकडीराव म्हणत आणि तो ओ देई. दाढीला बसलेल्या माणसाला मान हलवता येत नाही, त्यामुळे त्याला श्रोते कधी कमी पडले नाहीत. पण एक गोष्ट मान्य करायला हवी, माणूस भाबडा नव्हता. कुणी 'मला दिसली' म्हणत आला, की तबकडीराव वकिलासारखी उलटतपासणी घ्यायचा आणि शेवटी सुस्कारा टाकून सांगायचा, "शुक्र होता तो," किंवा "फुगा असणार." त्याला खरी हवी होती. खोटी चालवून घ्यायला तो तयार नव्हता.

बायको बांधकामाच्या साइटवर उंच क्रेन चालवायची. रोज सकाळी शिडी चढून आभाळात जाऊन बसायची, आणि म्हणायची, "अहो, मी तुमच्यापेक्षा त्यांच्या कितीतरी जवळ असते. कुणी आलंच तर मलाच आधी विचारतील, दुकान कुठंय म्हणून." यावर तबकडीराव हसायचा. संसार असा बरा चालला होता.

मग एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, तिनं क्रेन पश्चिमेकडे वळवली आणि समोरच्या आभाळात तीन दिवे दिसले. एका रांगेत. आधी मिणमिणते, मग हळूहळू उजळत गेलेले. ती वळत होती तसे तेही सरकले, ती थांबली तसे थांबले, आणि तिनं क्रेन आणखी वळवली तर नाहीसे झाले. तिनं वॉकीटॉकीवर खालच्या इशारेवाल्याला विचारलं, "भाऊ, पश्चिमेला वर काही दिसतंय का?"

"ढग दिसतोय, ताई. का?"

"काही नाही. सहज."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. केबिनमधल्या उजेडाची काचेवर पडणारी झाक तिला नवीन नव्हती. प्रत्येक क्रेनवाला करतो तसं तिनंही यंत्राच्या सगळ्या बारीकसारीक दिव्यांवर काळी पट्टी चिकटवलेली होती. म्हणजे आत चमकायला काहीच नव्हतं, आणि बाहेर इशारेवाल्याला ढगाशिवाय काही दिसत नव्हतं. मग उरलं कोण? उरलं तिचं डोकं.

हा विचार तिच्या मनात उगाच आला नव्हता. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं, साधारण याच वयात. आईला कपाटापाशी लहान मुलं दिसायची. आई घाबरायची नाही, उलट त्यांना खाली बसा म्हणायची, पाणी हवं का विचारायची. घरातले हसले. वर्षाच्या आत आईला गॅस बंद करायचं लक्षात राहिना, आणि शेवटी शेवटी ती लेकीलाच विचारायची, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" तो प्रश्न ऐकलेलं माणूस पुढं कितीही हसू दे, आतून दचकूनच असतं.

मन चिंती ते वैरी न चिंती. ती न्हाणीघरात नळ सोडून सतराचा पाढा म्हणू लागली. भाचरांचे वाढदिवस आठवून पाहू लागली. एखादा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आणि एक मजेशीर गोष्ट घडली, मजेशीर म्हणजे बघणाऱ्याला. ती नवऱ्याच्या कात्रणांपुढं उभी राहून वाचू लागली. तबकड्या खऱ्या असल्या तर बरंच होतं ना! दिवे खरे, तर डोकं शाबूत. जन्मभर टर उडवलेल्या त्या पाहुण्यांची ती आता मनापासून वाट पाहू लागली. तबकडीरावाला वाटलं, बायको अखेर वळणावर आली. त्यानं आनंदानं तिच्यासमोर आणखी एक गठ्ठा आणून ठेवला.

"एकाला दिसली आणि शेजारच्याला दिसली नाही, असं होतं का हो?" तिनं विचारलं.

"होतं की. पण मग बहुतेक वेळा ती तबकडी नसते," तो सहज बोलून गेला, आणि तिचा चेहरा पडलेला त्याला दिसला नाही. निदान तिला तसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात एकदा दिवे दिसले तेव्हा हुकाला लोखंडी सळयांचा भारा होता. तिचा हात थबकला आणि भारा अधांतरी झुलत राहिला. खाली माणसं होती. "ताई, काय झालं?" इशारेवाला ओरडला. तिनं भारा अलगद उतरवला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या संध्याकाळी शिडी उतरताना तिनं ठरवलं, की ज्या डोक्याचा भरवसा नाही ते डोकं दुसऱ्यांच्या डोक्यावर लोखंड टांगणार नाही. काम सोडायचं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अहो, मी उद्या राजीनामा देणार आहे." मग सगळं सांगितलं. दिवे, ढग, सळया. फक्त आईचं नाव काढलं नाही.

तबकडीराव टाळ्या पिटेल असं तिला वाटलं होतं. त्यानं कात्री खाली ठेवली, समोर स्टूल ओढलं आणि बसला.

"सतराचा पाढा त्यासाठी होता होय," तो म्हणाला.

"तुम्हाला ऐकू आला?"

"अगं, नळाच्या आवाजापेक्षा तुझा आवाज मोठा आहे. मला वाटलं, साइटवर काही हिशेब लागत असेल. मग तू वाढदिवस म्हणायला लागलीस, तेव्हा मात्र मला तुझी आई आठवली. विचारायचं धाडस झालं नाही."

ती रडली. बऱ्याच दिवसांचं तुंबलेलं होतं. तोही रडला असता, पण दोघांनी एकदम रडायचं नाही हा त्यांच्या घरातला जुना नियम होता, आणि पाळी तिची होती. तिचं आटोपल्यावर त्यानं नाक शिंकरलं आणि उलटतपासणी सुरू केली. दुसऱ्या कुणाची घेतली नसेल इतक्या बारकाईनं.

"रोज दिसतात?"

"रोज कुठं! परवा पाऊस होता, तेव्हा नाही दिसले. काल शनिवारीही नव्हते."

"आईला दिसायची ती मुलं पाऊस बघून यायची का?"

"नाही. ती कधीही यायची."

"बरं. तू थांबलीस की तेही थांबतात?"

"हो. लगेच."

"मग ती तबकडी नाही. तुझ्या तालावर नाचायला ती काय मी आहे?" त्यानं स्टूल आणखी पुढं ओढलं. "आता सांग. तुझ्या पाठीमागं काय असतं?"

"कुठं?"

"केबिनमध्ये. खुर्चीच्या मागं."

इतकी वर्षं ती त्या केबिनमध्ये बसत होती, पण पाठीमागं काय असतं हे तिला पटकन सांगता येईना. क्रेनवाल्याचं सगळं जग पुढं आणि खाली असतं. नजर हुकावर. मागं बघणारा क्रेनवाला चांगला नव्हे, असंच त्यांना शिकवतात.

"मागं फळी आहे," ती म्हणाली. मग थबकली. "नाही हो. फळी होती. मागची काच तडकली होती म्हणून फळी ठोकली होती. गेल्या महिन्यात तपासणीवाल्यांनी नवी काच बसवून दिली."

"आणि त्या काचेच्या मागं?"

"टेकडी. वर शाळेचं मैदान आहे. शनिवारी शाळा लवकर सुटते, एरवी पोरं संध्याकाळी खेळतात…" ती खुर्चीतून उठलीच. "खांबावर दिवे आहेत. मोठे. रोज उतरताना पाहते मी ते!"

"हळूहळू पेटणारे?"

"हळूहळू पेटणारे."

समोरच्या आरशात पाठीमागच्या आरशाचं प्रतिबिंब, त्यात पुन्हा समोरचा, असं बघत तबकडीरावाचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचा काळा कपडा त्यानं झटकला, घडी केली आणि तिच्या हातात दिला. "उद्या हा मागच्या काचेवर लाव. दिवे गेले, तर तुझी पुढची काचच आरसा झालीय. राजीनाम्याचं परवा बघू."

"आणि नाही गेले तर?"

"ते परवाच बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती कपडा पोटाशी खोचून शिडी चढली. दिवस सरता सरेना. ऊन उतरलं तेव्हा तिनं हूक रिकामा करून घेतला, पश्चिमेकडे वळली, आणि दिवे आले. तेच तीन, शिस्तीत. कपडा मांडीवर होता, पण हात उचलेना. जोवर लावला नव्हता तोवर आशा तरी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकून क्रेन चालवता येत नाही. ती उठली, खुर्चीवर गुडघा टेकला आणि कपडा मागच्या काचेवर दाबून धरला. मान तेवढी वळवून समोर पाहिलं.

आभाळ रिकामं होतं. नुसतं संध्याकाळचं आभाळ, थोडं तांबूस, एक ढग.

तिनं कपडा काढला. दिवे आले. लावला. गेले. पुन्हा काढला, पुन्हा लावला. आठ महिन्यांचं मूल पदराआड लपाछपी खेळतं तशी ती खेळत राहिली. मग वळून तिनं त्या टेकडीवरच्या खांबाकडे सरळ पाहिलं, आणि इतक्या मोठ्यानं हसली की वॉकीटॉकीचं बटण दाबलं गेल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जीव भांड्यात पडला म्हणजे काय पडतं, ते तिला त्या केबिनमध्ये कळलं.

"ताई?" इशारेवाल्याचा काळजीचा आवाज आला. "वर कुणी आहे का?"

"कुणी नाही, भाऊ!" ती ओरडली. "कुणीसुद्धा नाही!"

फाटकाबाहेर तबकडीराव उभा होता, अंगावर दुकानातला झगा, खिशात कंगवा. अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक तो खुर्चीत तसंच बसवून आला होता.

"गेले?" त्यानं लांबूनच विचारलं.

"गेले. कपडा लावला की जातात, काढला की येतात."

तो फाटकाशेजारच्या कट्ट्यावर मटकन बसला. ती त्याच्याजवळ गेली. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि घरात चालून आलेली तबकडी शेवटी शाळेचा दिवा निघाली. तिला त्याची दया आली.

"वाईट वाटलं ना?"

"वाईट?" त्यानं वर पाहिलं. डोळे लाल होते. पाळी आता त्याची होती. "तुला एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. कपडा लावूनही दिवे राहिले असते, तर मी तुला 'तबकडीच आहे' म्हणालो असतो. पण मनात काय ठरवलं होतं माहितीय? मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं. काल दिवसभर तबकडी माझ्या मनात एकदाही आली नाही. एवढी वर्षं सांगतोय लोकांना, आणि वेळ आली तेव्हा माझाच विश्वास नव्हता."

तिनं त्याच्या झग्यावरचे केस झटकले, आधी खांद्यावरचे, मग पाठीवरचे. आपण बऱ्या आहोत, हे तिला पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणावंसं वाटलं आणि ती म्हणालीही, "मी बरी आहे हो." मग त्याच्या शेजारी बसली.

"आणि ते येतील," ती म्हणाली. "न यायला काय झालं? एवढ्या लांबून येताना केस वाढलेच असतील त्यांचे. तुमच्याकडे आल्याशिवाय जातील कुठं?"

तबकडीराव रडता रडता हसला. मग त्याला दुकानातलं अर्धं डोकं आठवलं, आणि दोघंही उठून पळत सुटली.