हिरवळीवरचा झिरा

बहात्तरच्या दुष्काळात माकणीकडच्या गावांत प्यायला पाणी नव्हतं, आणि नेमकं त्याच साली साखर कारखान्याचे चेअरमन सिद्रामप्पा यांना गोल्फचं खूळ लागलं. मुंबईच्या साहेबलोकांना खूश करायचं होतं ना! गेस्ट हाऊसमागच्या मुरमाड माळावर त्यांनी मैदान आखलं आणि टोकाला विलायती गवताचा एक तुकडा टँकरच्या पाण्यावर जगवला. बाया तिकडं कोरड्या नदीत झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. पण चेअरमनना बोलणार कोण?

पिराजी तरुणपणी सिकंदराबादच्या छावणीत साहेबांच्या गोल्फच्या काठ्या वाहून आला होता, म्हणून त्याला बोलावणं आलं.

"मैदानावर गावठी आरडाओरडा चालणार न्हाय," चेअरमननी बजावलं. "खेळातलेच शब्द पायजेत."

पिराजीची बायको चांगुणा भाकरी थापता थापता ते शब्द हौसेनं विचारायची.

"पार म्हंजे काय वो?"

"ठरल्याल्या टोल्यांत चेंडू भोकात गेला तर पार. एक टोला कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी."

"आन् त्यो वाळूचा खड्डा?"

"बंकर. त्यात चेंडू अडकला की साहेबाचं तोंड कडू."

"मंग आपलं समदं गावच बंकरात हाय की!"

दोघंही हसले. कितीतरी दिवसांनी घरात हसू आलं होतं. त्या भरात पिराजी बोलून गेला, "हिरवळीवर भोक असतंय, त्याला होल म्हणायचं. टँकर सोडल्यावर त्यात तांब्याभर पाणी साचतंय बग."

"म्हंजे झिराच की," चांगुणा म्हणाली. हे पिराजीनं सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे पाहुणे खेळायला उभे राहिले. चेंडू कुठं पडतो ते बघायला पिराजी पुढं मुरमाच्या ढिगावर थांबला होता. पाहुण्यांनी टोला हाणला, आणि पिराजीला हिरवळीवर ओणवी बसलेली चांगुणा दिसली. होलात खोवलेला झेंडा बाजूला टाकून ती आतलं पाणी वाटीनं घागरीत भरत होती. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "फोर!"

नवऱ्याचा आवाज ओळखून तिनं वर पाहिलं. चेंडू थेट डोळ्यावर बसला.

चेअरमननी तिच्यासाठी जीप दिली, आणि पाहुण्यांना दुसरा चेंडू दिला.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा गेल्याचं सांगितलं. पिराजी खाटेशी मान खाली घालून बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

"तुमी वरडलात म्हणून म्या वर बघितलं," पट्टीआडून चांगुणा म्हणाली. "काय वरडलात तवा?"

"फोर."

"ह्यो शब्द न्हाय सांगितला कदी. काय म्हंजे?"



"म्हंजे... चेंडू येतुया, डोकं सांभाळा."



"मंग तसंच वरडायचं व्हतं की वो."