पंढरीची पाळी

तलमडुगूकडच्या त्या दोघा भावांनी बाप गेल्यावर जमीन वाटली, घर वाटलं, अंगणात भिंत घातली. राहिली विहीर आणि बापाची राजदूत मोटारसायकल. विहिरीचं पाणी पाळीनं घेतात, तशी मग राजदूतही पाळीनं ठरली. गुढीपाडवा ते दसरा थोरल्या माणिकरावाची, दसरा ते पाडवा धाकट्या पंढरीची. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच, पण पाळी म्हणाल तर एकदाही चुकली नाही! दसऱ्याच्या सकाळी माणिकरावानं गाडी धुवायची, टाकी भरायची, दारापुढच्या कडुनिंबाखाली उभी करून चावी गाडीलाच ठेवायची आणि पाठ फिरवून घरात जायचं. मग पंढरीनं यायचं, किक मारायची. तोंडं दोघांचीही कुलूपबंद.

आदिलाबादच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात दोघंही होते. एका गाडीवर दोन मेंबर, असला कारभार दुसरीकडे कुठं सापडायचा नाही. ज्याची पाळी तो फेरीला जायचा, दुसरा घरी बसून ग्रुपवरचे फोटो बघायचा. यंदा क्लबचा अध्यक्ष, मावला गावचा सुरेंद्र, यानं टूम काढली की नवरात्रात निघायचं आणि थेट राजस्थानचं वाळवंट गाठायचं. हिशेब मांडला तर दसरा येत होता पोखरणच्या पुढे.

"काका, दसऱ्यापासून तर पंढरीभाऊची पाळी," सुरेंद्र म्हणाला. "त्याले एक डाव इचारून घ्या ना."

"मी काऊन इचारू? थोरला कोण हाये?"

घरी बायकोनं, मथुराबाईनंही तोंड सोडलं. "अवो, एक शब्द बोलले तर जीभ झडते का तुमची?"

जीभ कशाची झडते! खरं सांगायचं तर भिंतीपलीकडून पंढरीचं हसणं ऐकू आलं की माणिकरावाचा घास हातातच राहायचा. एवढं काय झालं असेल हसायला, ते विचारायची सोय नव्हती. भावाशी बोलावं असं त्याला रोज वाटायचं, अगदी रोज. पण आधी बोलायचं कोणी, इथं गाडं अडलं होतं.

शेवटी त्यानं ग्रुपवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. 'दसऱ्याच्या सकाळी राजदूत पोखरणच्या पुढच्या ढाब्यावर राहीन. ज्याची पाळी त्यानं येऊन घेऊन जावी.' खाली ढाब्याचा पत्ता टाकला. आता या हट्टाला काय म्हणावं? मंडळी हसून हसून बेजार झाली. पंढरीनं वाचलं, तेवढं दिसलं. उत्तर काही आलं नाही.

फेरी निघाली. येझदी, बुलेट, एक म्हातारी लॅम्ब्रेटा, आणि शेवटी राजदूत. रोज मुक्कामाला माणिकराव आधी फोन बघायचा, मग पाणी प्यायचा. मग वाळवंट लागलं. काळ्या मातीतला माणूस तो. जिकडं बघावं तिकडं नुसती वाळू, ना कापसाची पऱ्हाटी, ना धुरा. कोणाचं कुठवर, काही कळेना. आपली जमीन इथं असती तर भांडलो असतो कशावरून, असं त्याच्या मनात आलं.

दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांनी आपापल्या गाड्यांची पूजा केली, झेंडूच्या माळा घातल्या. माणिकरावानं राजदूत धुऊन, टाकी भरून ढाब्यासमोर लावली आणि बाजेवर बसला. ऊन चढायला लागलं.

"काका, निघू ना," सुरेंद्र म्हणाला. "कोणाची वाट पाहून राह्यले?"

"चहाची."

"तीनदा झाला तुमचा चहा!"

"मंग चौथा आण."

तोही झाला. सगळ्यांनी हेल्मेटं चढवली. माणिकरावानं रस्त्याकडे एकदा शेवटचं पाहिलं आणि उठला. येत नसतो कोणी, त्यानं मनाशी म्हटलं, वेडा आहे का तो? तेवढ्यात सवारीची एक जीप थांबली आणि धुळीनं माखलेला, पिशवी खांद्याला लावलेला पंढरी खाली उतरला.

साऱ्या क्लबनं चढवलेली हेल्मेटं पुन्हा काढली. आणि माणिकरावानं काय करावं? सवयीनं पाठ फिरवली आणि ढाब्यात चालू लागला! मागं किक बसली, इंजिन धडधडलं. पण गाडी काही हलेना.

"दादा."

माणिकराव जागच्या जागी थांबला.

"आता गाडी माही हाये."

"हाये."

"मंग तू कायनं जाशीन?"

हा विचार माणिकरावानं केलाच नव्हता. पंढरी येतो का नाही, याच्यापुढे त्याचं डोकं गेलंच नव्हतं.

"जाईन रेल्वेनं," तो कसाबसा म्हणाला.

"बस मांगं."

तो बसला. हात कुठं ठेवावा कळेना, म्हणून पंढरीच्या खांद्यावर ठेवला आणि चरकला. सदऱ्याखाली नुसतं हाड होतं. कापसाचं गाठोडं एकट्यानं उचलणारा हा माणूस एवढा वाळला कधी? मधे एक भिंत होती फक्त, आणि आपल्याला पत्ता नाही.

"पंढरी, काय झालं रे तुले?"

पंढरीनं मान वळवली नाही. "सांगतो," तो म्हणाला. "नीट धरून बस."

माणिकरावानं दुसरा हातही त्याच्या खांद्यावर ठेवला.