तिसरा दगड निघाला तेव्हा

मी एक जुना दगडी गोठा आहे, मित्रांनो. दोन भावांनी दगड फोडून, चुन्यात बसवून मला उभं केलं. दोन हात जाड भिंती, लाकडी तुळया आणि एकच अरुंद दार. एका वेळी एकच म्हैस आत यायची. थंडीत जनावरांच्या उबेने माझे दगडही कोमट असायचे. पाहुणे म्हणायचे, "गोठा कसला, किल्लाच आहे!" तेव्हा मला भारी अभिमान वाटायचा.

मग जनावरं गेली. फुटकी कौलं कोणी बदलली नाहीत. पाणी मुरत राहिलं आणि भिंतींतला चुना धुऊन गेला. बाहेरून मी तसाच दिसायचो. आतून पोकळ होत होतो.

एके दिवशी घरची धाकटी लेक आली. ती सुतारकाम करते. तिची शहरातली जागा सुटली होती आणि यंत्रं अंगणात ताडपत्रीखाली गंजत होती. "बाबा, गोठ्याचं वर्कशॉप करते," ती म्हणाली.

बाबांनी माझ्यातच आयुष्यभर धारा काढल्या होत्या. ते म्हणाले, "कर बाई. निदान आत माणसाचा आवाज तरी येईल."

मोठं यंत्र दारातून जाईना. दार रुंद करायचं ठरलं. गवंड्याने भिंत ठोकून पाहिली. "ताई, आवाज बरा नाही. परवा लोखंडी खांब आणतो, आधी तुळयांना टेकू देऊ. तोवर दगडाला हात लावू नका."

पण तिला दम निघेना. एका शाळेची बाकं वेळेत द्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच पहार उचलली. "चारच दगड काढते, बाबा." बाबा आत गव्हाणीपाशी आवराआवर करत होते.

तिसरा दगड निघाला आणि मी सुटलो. मित्रांनो, मला थांबायचं होतं! दगड दगडाला धरू पाहत होता, पण मध्ये नुसता भुगा उरला होता. "बाबा, बाहेर या!" ती किंचाळली. ते दाराकडे वळले, तोच भिंत आत आली. ज्याला त्याच्या लहानपणापासून मी सावली दिली, त्याच्याच अंगावर मी कोसळलो.

ती नखांनी ढिगारा उपसत होती. "बाबा, बोला ना! काहीतरी बोला!"

तुळई गव्हाणीवर आडवी अडकली होती, म्हणून ते वाचले. आतून क्षीण आवाज आला, "हात अडकलाय गं. रडू नको, आधी हा दगड काढ."

गवंडी आणि शेजारी धावत आले. त्यांनी बाबांना बाहेर काढलं. पण उजवा हात कायमचा निकामी झाला.

"पाडून टाका हा गोठा," ती गवंड्याला म्हणाली. मलाही तेच हवं होतं.

बाबांनीच अडवलं. "पाडलास तर तुझं काम गेलं आणि माझा हातही फुकट गेला. उरलेल्या तीन भिंती नीट तपासून घे."

भिंतींत नवा चुना भरला, लोखंडी खांब लागले, चौथी भिंत पायापासून उभी राहिली. आता माझ्यात करवत चालते. लोक पुन्हा माझं कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही.

मित्रांनो, जुनं काही भक्कम दिसतं म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. वर्षातून एकदा तरी जवळ जाऊन बघा. दुखतंय, हे आम्हाला सांगता येत नाही.

रोज सकाळी बाबा उघड्या शर्टाने येतात. ती हात पुसते, खाली मान घालून एकेक बटण लावते आणि मगच यंत्र सुरू करते.