पाच गुलाबांची चोळी

माझी जीभ तिखट, हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे. पण चर्चच्या दानधर्माचा कारभारी तॉनिस आमच्या दारात येऊन म्हणाला, "हिल्लाबाई, पाव हवा असेल तर सुनेच्या चोळीवरचं भरतकाम उसवा. धर्माचं खाणाऱ्या विधवेला गुलाब शोभत नाहीत," तेव्हा मी त्याला उंबऱ्याबाहेरच काढला.

"विधवा कोणाला म्हणतोस रे मेल्या? माझा सायमेन येणार आहे!"

माझ्या लेकाची, सायमेनची होडी ऑक्टोबरात मासळीला गेली ती गेलीच. आता मार्च सरत आला होता. आमच्याकडे चोळीवर पाच गुलाब म्हणजे होडीवाल्याची बायको, तीन म्हणजे खलाशाची, आणि कोरी चोळी म्हणजे दुसऱ्याच्या तुकड्यावर जगणारी. लग्नाआधी अख्खा हिवाळा डोळे फोडून मी ते पाच गुलाब मारेत्येसाठी भरले होते. ते मीच उसवू?

मारेत्ये, माझी सून, वाद घालायची नाही. एकदाच म्हणाली, "आई, गुलाब काही शिजवून खाता येत नाहीत."

"नवरा जड झाला का गं तुला?" काय बोलून गेले मी! ती उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी नात आफ्का, चार वर्षांची, शेजारणीच्या शेळीपुढच्या सलगमाच्या साली खाताना सापडली. शेजारीण फिदीफिदी हसत म्हणाली, "पाच गुलाबांच्या घरची ना गं तू?"

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घरी येऊन मी कात्री घेतली. पाचव्या गुलाबाला मारेत्येनं माझा हात धरला.

"आई, हा एक राहू द्या ना."

"एकानंसुद्धा पाव अडतो," मी म्हटलं आणि तोही उसवला.

रविवारी ती तीच चोळी घालून चर्चमध्ये उभी राहिली. निळं कापड उन्हानं विटलेलं, पण गुलाब होते तिथं मूळचा गडद रंग तसाच होता. पाचही लांबून मोजता येत होते, आणि बायका मोजतच होत्या.

तॉनिसनं दानाची वही उघडली. "काय लिहू?"

मारेत्येनं माझ्याकडे बघितलं.

"लिही," मी म्हटलं. "सायमेन बुडाला. विधवा लिही."

पोटच्या पोराला मी माझ्या तोंडानं बुडवलं, आणि आफ्का तिथंच उभी राहून त्याच्या बदल्यात मिळालेला पाव खात होती.