वाल्लोने चौक

आगाता इन्कार्दोनाने रुज्जेरो वाल्लोनेला तीन आठवडे आपल्या गोठ्याच्या माळ्यावर लपवलं होतं. सिसिलीच्या तेव्हाच्या राजाचे शिपाई त्या बंडखोराच्या मागावर होते. मांडीत गोळी घुसलेल्या त्या पोराला तिच्या भावाने, नुन्झिओने, डोंगरावरून पाठीवर वाहून आणलं होतं. तापातही त्याचा एकच धोशा असायचा, इटली एक झाली की जमीन कसणाऱ्याची. भावंडांना ते पटलं.

इटली एक झाली. रुज्जेरो खासदार झाला, पुढे रोममध्ये गृहमंत्री. जमीन मात्र जहागीरदारांकडेच राहिली. तेहेतीस वर्षं वाट पाहून नुन्झिओ गावातल्या मजुरांना घेऊन नगरपालिकेसमोर उभा राहिला आणि मंत्र्याने दिलेला शब्द पाळावा, एवढंच म्हणाला. मंत्र्याने सिसिलीत लष्कर पाठवलं. गोळीबारात अकरा माणसं गेली. नुन्झिओला वीस वर्षांची सक्तमजुरी झाली.

आगाता रोमला गेली. रुज्जेरोने तिला लगेच ओळखलं, स्वतः खुर्ची पुढे केली, कॉफी मागवली.

"तुझ्या हातचा पाव अजून आठवतो बघ."

"मग तुला पाठीवर आणणाराही आठवत असेल."

"आठवतो ना. म्हणून तर सोडता येत नाही. लोक म्हणतील, मंत्र्याने आपला माणूस सोडवला."

"लष्कर पाठवायच्या कागदावर सही कोणाची होती?"

"माझीच," तो शांतपणे म्हणाला. "कॉफी निवतेय."

तिसऱ्या हिवाळ्यात नुन्झिओ बेटावरच्या तुरुंगात खोकून खोकून मेला. कळवणारं पत्र आलं तेव्हा त्याला पुरून महिना उलटला होता.

रुज्जेरो पिकल्या वयात, मऊ अंथरुणात गेला. वर्तमानपत्रांनी त्याला राष्ट्राचा शिल्पकार म्हटलं. गावाने आगाताच्या घरासमोरच्या चौकाला त्याचं नाव दिलं आणि संगमरवरी पाटी नेमकी तिच्याच भिंतीवर ठोकली. तिला कोणी विचारलं नाही. समारंभाला मात्र पहिल्या रांगेत बसवलं. महापुरुषाला आसरा देणारी माउली म्हणून नगराध्यक्षांनी तिचं कौतुक केलं. भावाचं नाव निघालं नाही. ती बोलायला उठली, तर तिला गहिवरून आलंय असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बँड सुरू झाला.

नुन्झिओची मुलगी अमेरिकेत होती. तिला नवा पत्ता कळवावाच लागला. पुढच्या महिन्यात तिचं पत्र आलं. पाकिटावर आत्याच्या नावाखाली, बापासारख्याच तिरक्या अक्षरात, तिने लिहिलं होतं: रुज्जेरो वाल्लोने चौक.