ज्याची पाटी, त्याचा हात

या, असे जवळ या. एसी बंद करतो, त्याच्या घरघरीत माझा आवाज बुडतो. कीर्तनात बुवा आधी तत्त्व सांगतात, मग आख्यान लावतात. आज माझ्याकडे तत्त्व नाही. एक आख्यान आहे, तेवढं मात्र पुरतं सांगेन. यात देव नेमका कुठे उभा होता, ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडला तर मला सांगा, मी तुमचे पाय धरीन.

इथे बहरीनमध्ये, बुसैतीनला आमच्या घरी माझे सासरे असतात, शरच्चंद्र. वय चौऱ्याऐंशी. एकवीस वर्षांचे असताना ते जपानला गेले होते. तेव्हा जपान नुकतंच युद्धातून सावरलं होतं आणि आशियातल्या कारागिरांना बोलावून काम शिकवू लागलं होतं. सुरुवातीच्याच एका तुकडीत हे. भारतातले, ब्रह्मदेशातले, सिलोनमधले, फिलिपिन्समधले वीसेक जण. सहा आठवडे नुसती भाषा, मग जहाजांच्या कारखान्यात काम. खोलीत दोघेदोघे, वाटीभर भात, मिठाच्या पाण्यातलं लोणचं आणि हाडं गोठवणारी थंडी.

तिथून त्यांनी एक पद्धत आणली. कामगाराच्या नावाची छोटी लाकडी पाटी, एक बाजू लाल, एक पांढरी. टाकीत किंवा बॉयलरमध्ये शिरताना फळ्यावरची आपली पाटी लाल करायची, बाहेर आलं की पांढरी. फळ्यावर लाल दिसतंय तोवर कुणी झाकणाला हात लावायचा नाही.

मुंबईच्या दुरुस्ती कारखान्यात त्यांनी ही पद्धत शेकडो पोरांना शिकवली. त्यांतलाच एक समाधान, अकोल्याचा. आता पन्नाशीला आलेला, हिद्दला बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन. तिथेही त्याने तसाच फळा लावला, गेटजवळ. दर गुरुवारी संध्याकाळी तो सासऱ्यांना भेटायला यायचा. येताना खजूर आणायचा, आणि सासरे दर वेळी म्हणायचे, "शुगर आपल्या दोघांनाही, आणि आणतोस खजूर? मारायचा बेत आहे का?"

त्याच वर्कशॉपमध्ये गौरव इंजिनियर. पुण्याचा, बत्तीस वर्षांचा. हुद्द्याने समाधानच्या वरचा, पण काम सगळं समाधानकडून शिकलेला. समाधानचे गुडघे गेले होते. संध्याकाळी टाकीतून बाहेर पडून शेडच्या त्या टोकाला फळ्यापर्यंत जायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. म्हणून गौरवच जाता जाता त्याची पाटी पांढरी करायचा. रोज. गुरूच्या चपला उचलाव्यात, तसं.

समाधान हसायचा. "काय साहेब, इंजिनियर होऊन माह्या पाट्या फिरवून राह्यले! पुण्यात तुमच्या घरी कळलं तं?"

"कळू दे. घरी सांगेन, समाधानदादांनी मला कामाला लावलंय."

"सर म्हणायचे, पाटी आपल्याच हातानं फिरवायची. पण तुम्ही काय आयकता!"

एवढ्यावर विषय संपायचा.

गेल्या महिन्यातला गुरुवार. एका जहाजाची पाण्याची मोठी टाकी दुरुस्त करून झाली होती. गळती पाहण्यासाठी त्यात पाणी भरायचं होतं. तीनच्या सुमारास आतली माणसं बाहेर आली. समाधानही आला, पाणी प्यायला, आणि पाटी लालच ठेवून पुन्हा आत गेला. मधल्या पडदीमागचा एक जोड त्याला नीट पुसून बघायचा होता. गौरवने त्याला बाहेर येताना पाहिलं होतं. आत जाताना पाहिलं नाही. फळ्याजवळून जाताना सवयीने त्याने पाटी पांढरी केली.

पंपावरच्या झुबेरने फळा पाहिला, सगळं पांढरं. वरून टॉर्च मारला, पडदीपर्यंत कुणी नाही. झाकण बसवलं, बोल्ट आवळले, पंप सुरू केला. शेजारच्या शेडमध्ये वाळूच्या माऱ्याने गंज काढणं चाललं होतं. त्या आवाजात माणूस माणसाच्या कानात ओरडला तरी ऐकू येत नाही.

साडेपाचला हमद टाउनहून जागृतीचा, समाधानच्या बायकोचा, गौरवला फोन आला. "भाऊ, हे फोन उचलत नाहीत. बसमधले म्हणतात, आज बसमध्ये नव्हतेच."

गौरवने पाहिलं तर समाधानचा फोन लॉकरमध्ये वाजत होता. फळ्यावर पाटी पांढरी. म्हणजे माणूस बाहेर पडला, फोन विसरला. शुगर उतरून कुठे कोसळला असेल! गौरवने गाडी काढली. हिद्दपासून रस्त्याची कड न् कड पाहत निघाला. बसथांबे पाहिले, चहाची दुकानं पाहिली, इस्पितळाच्या अपघात विभागात नाव विचारलं. तिथली नर्स मुनीरा दोनदा आत जाऊन आली आणि म्हणाली, "मफी." नाही. जागृतीचे फोन दर पाच मिनिटांनी. शेवटी त्याने आमच्या घरी लावला. मी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, समाधानदादा तुमच्याकडे आलेत का?"

"नाही रे," मी म्हणालो. "आम्हीच वाट बघतोय."

सासरे खुर्चीत पुढे सरकले. "गुरुप्रसादराव, विचारा त्याला, पाटी?"

"पांढरी आहे, सर," गौरव म्हणाला. "बाहेर पडलेत ते."

"कुणी फिरवली?"

पलीकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"पाटी कुणी फिरवली, विचारतोय मी!"

"मी," गौरव म्हणाला. "मीच फिरवतो, रोज."

सासऱ्यांचा चेहरा राखेसारखा झाला. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. "पंप बंद कर! टाकी उघड! तो आत आहे!"

गौरवने फोन न ठेवताच दुसऱ्या फोनवरून झुबेरला लावला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "झुबेरभाई, पंप बंद करो! यल्ला, यल्ला! दादा अंदर हैं!" झुबेरचं उत्तर चिरकं येत होतं, "या अल्ला... सर, थोड़ी ही बाकी है भरने को... थोड़ी बाकी है..." त्या 'थोड़ी बाकी है'वर आम्ही तिघं जीव टांगून बसलो. माझी बायको पूर्णिमा देवापुढे गेली. मी नामस्मरण करू पाहिलं, पण जीभ उचलेना.

झाकण उघडलं तेव्हा समाधान वरची पट्टी काखेत धरून लोंबकळत होता, नाकाखाली पाणी. शुद्ध नव्हती. झाकणावर मारून मारून दोन्ही हातांची बोटं फुटली होती. श्वास होता.

इस्पितळात तीन दिवस तो श्वास राहिला. पाणी फुप्फुसात गेलं होतं.

त्या तीन दिवसांत सासरे घास घेईनात. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर, जागृती आणि गौरव दोघं समोर असताना, ते बोलले.

"जपानला आमचे एक शिक्षक होते. मुराता-सान. आम्ही त्यांना गुरू मानायचो. त्यांच्या हातातली पिशवी घ्यायचो, ते चिडायचे. त्यांना कळायचंच नाही. त्यांची पाटी मी फिरवायचो. कौतुकाने. एक दिवस ते बॉयलरच्या पिंपात होते, पाटी मी पांढरी केलेली, आणि झाकण लागलं. जेवायला रोज आमच्यात बसायचे. डबा तसाच राहिला, म्हणून शोधलं. बाहेर काढलं तेव्हा जिवंत होते. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला स्वतःची पाटी शंभर वेळा फिरवायला लावली. मला दोनशे. समाधानला मी नियम शिकवला. ही गोष्ट नाही सांगितली. लाज वाटली. गोष्ट माहीत असती, तर त्याने तुझा हात धरला असता रे."

गौरव भिंतीशी खाली बसला. जागृती म्हणाली, "सर, आता सांगून काय उपयोग?" आणि उठून काचेपाशी गेली.

रविवारी सकाळी समाधान गेला.

हमद टाउनच्या घरी बुद्धवंदना झाली. सासरे गेले होते, मी त्यांना धरून. मुलगी श्रावस्ती, बहरीनच्या शाळेतली, बापाच्या फोटोपुढे बसून हळू विचारत होती, "Aai, was he scared?" जागृतीने तिला मांडीवर ओढून घेतलं. गौरव वर आलाच नाही. खाली गोल चौकापलीकडे गाडीत बसून होता, पायातल्या चपला काढून हातात घेतलेल्या. मी बोलवायला गेलो तर म्हणाला, "काका, कुठल्या तोंडाने येऊ?" मग जागृती स्वतः खाली उतरली. गाडीजवळ गेली. दार उघडलं. एवढंच म्हणाली, "त्यांचे गुडघे दुखायचे, भाऊ. मला माहीत आहे, तुम्ही का करायचे ते. पण आज मला तुमच्याकडे बघवत नाही." आणि वर निघून गेली.

चौकशी चालू आहे. गौरव कामावर जात नाही. खोलीत असतो, फोन उचलत नाही, आईचासुद्धा नाही. मी दोनदा डबा ठेवून आलो. दारातून नेला की नाही, कळलं नाही.

समाधानला आठवणारे पुष्कळ आहेत, त्याने घडवलेले हात सगळ्या आखातात आहेत. म्हणून माझं मागणं दुसरंच आहे. आज सांजवात लावाल, वंदना म्हणाल, नमाजाला उभे राहाल, तेव्हा एक नाव घ्या. गौरव. हिद्दच्या एका बंद खोलीतला तो माणूस तेवढा आठवा.