ओंजळभर जास्तीचं सिमेंट

मी एक काँक्रीटचा ठोकळा बोलतोय. खरं तर अर्धाच उरलोय, पण आज बोललो नाही तर फार उशीर होईल.

गेल्या वर्षी, सदुसष्ट साली, कुंभवलीत मजुरांच्या झोपड्यांना लागून उंच खांबांवर पाण्याची टाकी बांधायला काढली होती. टाकीत ओतायच्या मालातलाच थोडा लोखंडी साच्यात भरायचा, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग यंत्रात दाबून फोडायचा. ठोकळ्यानं जितका भार सोसला तितकी टाकी मजबूत, असा हिशेब. आमचा जन्मच साक्ष देण्यासाठी.

मला भरलं जमुनानं. डोंगरातली बाई, घमेली वाहायची. मागच्या कामावर ठोकळे नापास झाले आणि अख्ख्या टोळीला घरी पाठवलं, ते तिनं मनात धरलं होतं. मुकादम नागोराव पाठमोरा झाला की ती साच्यात जाणाऱ्या मालात ओंजळभर सिमेंट जास्त कालवायची.

"खा रं बाला," ती मला म्हणाली. "तू पास झाला तं आमाला काम हाय."

परीक्षेला निघालेल्या पोराला आई दहीसाखर देते ना, तसं वाटलं मला. केवढा सुखावलो होतो मी!

माझ्या आधीचे वीस भाऊ असेच पास झाले. आकडे बघून साहेब खूश. "एवढं मजबूत निघतंय? मग सिमेंट थोडं कमी करा." तसं ते कमी होत गेलं. टाकीत. आमच्यात नाही.

तपासणीला रामनाथ होता. प्रत्येक आकड्याचं तो कागदावर टिंब काढायचा. एक दिवस तो कागद घेऊन साहेबांकडे गेला.

"साहेब, सिमेंट कमी केलं तरी टिंबं खाली येत नाहीत. हा नमुना टाकीच्या मालाचा नाहीच."

"पास आहेत ना? मग उगाच फाटे कशाला फोडता? शेवटचा एक ठोकळा राहिलाय. तो कमी भरला तर टाकी तपासू."

तो शेवटचा मीच.

यंत्रानं मला दाबायला सुरुवात केली. फूट मेल्या, फूट, मी स्वतःला बजावत होतो. काटा हव्या त्या आकड्याशी आला. मी जीव तोडून फुटायला बघत होतो आणि जमुनाची ओंजळ मला फुटू देईना. काटा पुष्कळ पुढे गेला, तेव्हा कुठे तडकलो. रामनाथनं कागदावर शेवटचं टिंब काढलं, तेही वरच. मग त्यानं 'पास' लिहिलं.

माझा उरलेला तुकडा जमुनानंच उचलून नेला. टाकीखाली, झोपडीच्या दाराशी मी तिच्या चुलीचा तिसरा दगड झालोय. आज सकाळी टाकी पहिल्यांदा भरली. जमुना नाचणीची भाकरी थापतेय, तिची लहानगी पारू शेजारी झोपलीय. मघापासून माझ्यावर थेंब पडतायत.

"ठमे, वरून पानी येतं गं," जमुना शेजारणीला म्हणाली.

"टाकी भरली नं, म्हून सांडतंय. बरं हाय, पानी आलं."

नाही गं बायांनो, ते काठावरून सांडत नाही, बुडातून येतंय. थेंबांची आता धार झालीय. जमुना, पास झाली ती तुझी ओंजळ, टाकी नव्हे. भाकरी राहू दे तव्यावर. आधी पारूला उचल.